सहावी गोष्ट

नाईल नदीवरून ‘कर्नाक’ नावाची आगबोट चालली आहे आणि तिच्यातली एक केबिन माझ्यापुढे उघडी आहे. तिथं राहणारी बाई बाहेर गेलेली. ट्रंका, टोप्या, हातपंखे, अत्तराच्या बाटल्या, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला झगा, असा सामानाचा नुसता खच पडलेला. पडद्याच्या कडेला यादी असते: चष्मा, कात्री, मोराचं पीस, किल्ली, सरडा. यादीतली प्रत्येक वस्तू या पसाऱ्यात कुठे ना कुठे आहेच. दिसली की माउसनं टिचकी मारायची. वस्तू चित्रातून नाहीशी होते आणि तिच्या नावावर काट बसते. यादी संपली की पुढची खोली.

अगाथा ख्रिस्तीच्या ‘डेथ ऑन द नाईल’ या १९३७ सालच्या कादंबरीवरून हा खेळ २००७ साली संगणकासाठी निघाला. खेळणारा स्वतःच ख्रिस्तीचा गुप्तहेर हर्क्यूल पायरो असतो. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००५ मध्ये, ‘बिग फिश गेम्स’ या अमेरिकन कंपनीचा ‘मिस्टरी केस फाइल्स: हंट्सविल’ आला होता आणि पसाऱ्यात वस्तू शोधत गुन्हा उलगडायचा हा प्रकार घराघरांत पोहोचला होता. २०१७ मध्ये बर्लिनच्या ‘वूगा’नं ‘जून्स जर्नी’ आणला. त्यातली जून पार्कर १९२०च्या दशकात बहिणीच्या मृत्यूचा छडा लावते. तो मोबाइलवर आजही जोरात आहे.

हे खेळ फिरून फिरून दोन महायुद्धांमधल्या त्या काळात का जातात, याचं कारण मला तरी सरळ वाटतं. रहस्यकथेनं त्या काळात वस्तूंना साक्षीला उभं केलं. साक्ष माणसंही देतात, पण माणसं खोटं बोलतात. कपबशी, मेणबत्तीचा ओघळ, शाईचा डाग, बुटाला लागलेली माती या गोष्टी कुणाची बाजू घेत नाहीत. ज्या घरात खून झाला तिथलं सामान न्याहाळायचं, ही त्या कथांनी लावलेली सवय आहे आणि हा खेळ तिच्यावरच उभा आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर मी खेळायला बसते ती खुनी कोण हे कळावं म्हणून नाही, ते कादंबरी वाचल्यापासून ठाऊक आहे. मला ते न्याहाळणं आवडतं. पहिली दोन मिनिटं डोळ्यांना नुसता गोंधळ दिसतो. मग हळूहळू पडद्याच्या चुणीतून कात्रीची पाती वेगळी होतात, तसबिरीच्या चौकटीवरच्या नक्षीत एक वळण जरा जास्तच जिवंत वाटतं आणि तो सरडा निघतो. चित्रकारानं रंगात रंग आणि रेषेत रेष मिसळून जे दडवलं ते आपल्या नजरेनं सोडवून घेतलं, या समाधानाला मी कमी लेखत नाही.

हे सुख संगणकाच्या फार आधीचं आहे. एडगर अॅलन पोची १८४४ सालची ‘द परलॉइन्ड लेटर’ ही कथा घ्या. पॅरिसमध्ये एका मंत्र्यानं एक नाजूक पत्र पळवलंय. पोलीस त्याच्या घराचा कानाकोपरा धुंडाळतात. गाद्यांमधून सुया घालतात, खुर्च्यांचे सांधे भिंगातून तपासतात. पत्र सापडत नाही. मग पोचा गुप्तहेर द्युपाँ हिरव्या काचांचा चष्मा लावून त्या मंत्र्याकडे गप्पा मारायला जातो. चष्मा अशासाठी, की आपली नजर कुठं फिरतेय ते समोरच्याला कळू नये. पत्र शेकोटीच्या फळीखाली टांगलेल्या कार्डं ठेवायच्या एका साध्या कप्प्यात असतं. मळकं, चुरगळलेलं, सगळ्यांना दिसेल असं. त्याच कथेत द्युपाँ नकाशावरच्या एका खेळाबद्दल सांगतो. एकानं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं ते नकाशात शोधायचं. नवखा खेळाडू बारीकात बारीक अक्षरातलं गाव निवडतो. मुरलेला मात्र नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठमोठ्या अक्षरांत पसरलेलं नाव निवडतो, कारण ते कुणाला दिसत नाही. भूगोलाच्या तासाला हा खेळ आम्हीही खेळलोय. भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशात आम्ही एकमेकींना आडगावं शोधायला लावायचो, आणि निळ्या पट्टीत एकेक अक्षर दूर दूर लिहिलेला ‘अरबी समुद्र’ एकीनं विचारला तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुली कोकणच्या किनाऱ्यावर बोट फिरवत राहिल्या होत्या.

१९३६ मध्ये इंग्लंडात तर या हौसेला कागदी रूप आलं. डेनिस व्हीटलीनं जे. जी. लिंक्सच्या कल्पनेवरून ‘मर्डर ऑफ मायामी’ ही कादंबरी पोलिसांच्या फाइलच्या रूपात काढली. त्यात तारा होत्या, जबान्या होत्या, छायाचित्रं होती आणि शिवाय खरोखरीचे पुरावे होते: केस, जळकी काडी, रक्ताचा डाग पाडलेला पडद्याच्या कापडाचा तुकडा. उत्तर शेवटी मोहोरबंद. वाचकानं आधी आपलं डोकं चालवायचं, मग मोहोर फोडायची. असं पुस्तक हातात घेऊन बसलेल्या माणसाचा मला हेवा वाटतो.

पण हे खेळ खेळता खेळता मला एक गोष्ट टोचायला लागली, आणि ती म्हणजे यादी. काय शोधायचं ते खेळ आधीच सांगून टाकतो. गुन्ह्याच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला अशी यादी कुणी देत नाही. त्याच्यासमोर सगळंच असतं, आणि त्यातलं काय बोलतंय हे त्याचं त्यालाच ठरवायचं असतं. यादी हातात आली की काम सोपं होतं एवढंच नाही, डोळ्यांचं कामच बदलतं. यादीत नसलेलं मग दिसेनासं होतं. मी चष्मा शोधत असताना त्याच टेबलावर उलटी पडलेली दौत आहे की नाही, हे मला दृश्य संपल्यावर सांगता येत नाही.

२०१३ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन तपासायला दिले. त्यांत कर्करोगाची शंका येईल अशा बारीक गाठी शोधायच्या होत्या, म्हणजे रोजचंच काम. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं एक चित्र टाकलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. त्यांची बुबुळं कुठं फिरली याची नोंद होत होती. बहुतेकांची नजर थेट त्या गोरिलावरून गेली होती. यात त्यांच्या कौशल्याला कुठंही कमीपणा नाही. गाठी शोधायला बसलेला तरबेज डोळा गाठीच शोधतो.

किपलिंगला हे शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं असं मला वाटतं. तो मुंबईत जन्मलेला, १८६५ सालचा. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवायचे, त्यामुळे वस्तू निरखून पाहणं घरातलंच. त्याच्या १९०१ सालच्या ‘किम’ कादंबरीत सिमल्याला लर्गन साहेबाचं दुकान आहे. तिथं किमला हेरगिरीचं शिक्षण मिळतं. तबकात रत्नं मांडायची, मुलांनी ती पाहून घ्यायची, मग वर कागद झाकून विचारायचं. किम हुशार आहे, तो सांगतो: निळे खडे इतके, हिरवे इतके, एकाला भोक आहे. दुकानातला लहान हिंदू पोरगा मात्र म्हणतो, दोन नीलम, दोन्ही सदोष, एक दोन रत्तींचा, एक चार रत्तींचा, आणि चार रत्तींच्याची कड उडालेली आहे. दोघांनी तेच तबक पाहिलं. एकानं रंग मोजले, दुसऱ्यानं प्रत्येक खड्याची कुंडली सांगितली. कादंबरीतला तो परिच्छेद मी कितीतरी वेळा वाचला आहे आणि दर वेळी मला त्या निनावी पोराचंच कौतुक वाटतं.

बेडन-पॉवेलनं १९०८ च्या ‘स्काउटिंग फॉर बॉइज’मध्ये हा खेळ घेतला आणि तो जगभरच्या स्काउट-गाइडच्या पथकांत गेला. तसाच तो आमच्या शाळेत आला. आमच्या गाइडच्या बाई शनिवारी सकाळी स्टीलच्या ताटात वस्तू मांडायच्या: सेफ्टी पिन, चार आणे, आगपेटी, चिंचोका, रबर, बाटलीचं बूच, बाईंचंच घड्याळ. मिनिटभर बघायचं, मग वर रुमाल. आठवतील तेवढी नावं वहीत. हे आम्हाला लवकरच जमायला लागलं. मग बाईंनी डाव बदलला. रुमाल टाकायचा, आम्हाला पाठ करून उभं करायचं, एक वस्तू काढून घ्यायची आणि रुमाल उचलून विचारायचं, “सांगा, काय नाही?” ताट तर भरलेलंच दिसायचं. आहे ते मोजत बसलं तर नाही ते सापडत नसे. तिथं मनात आधीचं ताट पुन्हा मांडावं लागायचं. अर्धी काडी जळलेली, ती आगपेटीवर ठेवली होती ना? ती कुठं आहे? होम्सची १८९२ मधली ‘सिल्व्हर ब्लेझ’ मी पुढं वाचली. तबेल्यातला कुत्रा त्या रात्री भुंकला नाही, यावरून होम्स ओळखतो की आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. मला बाईंचं ताट आठवलं. न भुंकलेल्या कुत्र्याला कुठल्या यादीत घालणार? कुठल्या चित्रात तो लपवता येईल?

अशी नजर मी प्रत्यक्षात पाहिली ती वाईला, आजीपाशी. आम्ही उन्हाळ्यात तिच्याकडे जायचो. दुपारी ती ढोल्या गणपतीला जाऊन यायची. परत आली की ओटीवर टेकायची, पानाचा डबा पुढं ओढायची आणि झाकण उघडून म्हणायची, “बापू येऊन गेला वाटतं.” आम्ही थक्क व्हायचो. बापूकाका खरंच येऊन गेलेले असायचे. कोणी सांगितलं, विचारलं तर ती डबा आमच्यापुढं सरकवायची. अडकित्त्याची मूठ उलट्या बाजूला आहे, बापू डावरा. चुन्याच्या डबीचं झाकण नुसतं ठेवलंय, दाबलं नाही, त्याला कधी दाबायची सवय नाही. सुपारी बरीच कातरली पण खाल्ली थोडी, उरलेलं खांड तसंच टाकलंय, म्हणजे बोलायला आला होता आणि बोलायचं राहून गेलं. मग ती आईला हाक मारायची, “अगं, बापूला कुणी विचारलं का, काय काम होतं म्हणून?” संध्याकाळी ती स्वतः त्यांच्याकडे जाऊन यायची. एकदा तिला असंच जाऊन कळलं की त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न मोडत आलं होतं आणि ते पैशांसाठी आले होते.

आजीनं अगाथा ख्रिस्तीचं नावही ऐकलं नव्हतं. ख्रिस्तीच्या मिस मार्पलची पद्धत मात्र हीच आहे. खेड्यातल्या माणसांच्या खोडी वर्षानुवर्षं ध्यानात ठेवायच्या आणि त्यांवरून परक्यांचे गुन्हे ओळखायचे. तिथं डबा आणि माणूस सुटे नसतात. संगणकावरच्या खेळात मला सापडलेली कात्री कुणाची आहे हे मला कुणी विचारत नाही. सापडली की ती नाहीशी होते.

आपल्याकडच्या रहस्यकथांनी हा घरगुती निरीक्षणाचा रस्ता फारसा धरला नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथा माझ्या वडिलांच्या पिढीनं वाचनालयात नंबर लावून वाचल्या. त्यांत वेग होता, वेषांतर होतं, थरार होता. शेकोटीवरच्या फुलदाण्यांकडे बघत बसायला त्या नायकांना सवडच नव्हती. मला तो वेग प्रिय आहे. तरी वाटत राहतं की चौसोपी वाडा, त्यातलं माजघर, फडताळं, कोनाडे, ही रहस्यकथेसाठी किती सुरेख जागा होती!

ख्रिस्तीनं पहिल्याच कादंबरीत यादीचा पुरता निकाल लावला होता. ‘द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स’ १९२० मध्ये आली. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती टॉर्कीच्या इस्पितळात औषधं तयार करून द्यायचं काम करत होती. बाटलीवर लिहिलेलं एक आणि आत दुसरंच असू शकतं ही धास्ती त्या कामात रोजची. ‘डेथ ऑन द नाईल’मधल्या नखांच्या रंगाच्या बाटलीत ती धास्ती दिसते. बाटलीवरची चिठ्ठी फिक्या गुलाबी रंगाची आणि तळाशी उरलेला थेंब लालभडक. तर ‘स्टाइल्स’मध्ये पायरो मृत बाईंची खोली तपासतो. काम झाल्यावर तो आपला मित्र हेस्टिंग्जला सांगतो की या खोलीत लक्ष देण्याजोग्या सहा गोष्टी सापडल्या. पूड झालेला कॉफीचा कप. कुलपात किल्ली असलेली कागदपत्रांची पेटी. गालिच्यावरचा डाग. गडद हिरव्या कापडाचे एकदोन धागे. मेणाचा मोठा ओघळ. आणि सहावी? हेस्टिंग्ज अंदाज करतो, कोकोचा नमुना असेल. पायरो म्हणतो, नाही, सहावी मी सध्या माझ्यापाशीच ठेवतो.

वाचकाला यादी मिळाली, आणि तिच्यात एक जागा रिकामी आहे हेही कळलं. हेस्टिंग्ज मिळालेल्या पाचांत गुंतून पडतो. आपणही पडतो. माझ्या मते सगळी रहस्यकथा त्या रिकाम्या जागेत आहे.

त्याच कादंबरीत पुढं आणखी एक करामत आहे. खुन्याचं नाव सांगत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी निर्धास्त असावं. पायरोला अस्वस्थ झालं की वस्तू नीट लावायची सवय. शेकोटीच्या फळीवरच्या वस्तू तो सारख्या रांगेत करतो. पुष्कळ पानांनंतर हेस्टिंग्ज सहज बोलून जातो की त्या सकाळी तुझे हात कसे थरथरत होते, वस्तू सरळ करत होतास. पायरो ताडकन उठून धावतो. त्या वस्तू त्याने त्याआधीही एकदा सरळ केलेल्या असतात. मग त्या पुन्हा वाकड्या कशा झाल्या? मधल्या वेळात कुणीतरी तिथं काहीतरी दडवलं, म्हणूनच. आणि खरंच, विस्तव पेटवायला वापरतात त्या कागदी वळ्यांच्या फुलदाणीत, पट्ट्या करून वळलेलं पत्र उभं असतं. पोच्या कथेतलं ते उघड्यावरचं पत्र ख्रिस्तीच्या मनात असणार असं मला वाटतं. पण तिनं त्यात स्वतःचं काही घातलं. पत्र तीक्ष्ण डोळ्यांना सापडत नाही. ते एका टापटिपीच्या माणसाच्या हातांना आठवतं.

तरी मी हे खेळ सोडलेले नाहीत. ‘डेथ ऑन द नाईल’ कादंबरीत पायरो आपल्या कामाची तुलना उत्खननाशी करतो. जमिनीतून काही वर आलं की भोवतालची माती अलगद काढून टाकायची, म्हणजे ती वस्तू एकटी, स्वच्छ दिसते. ख्रिस्तीचा नवरा मॅक्स मॅलोवन पुरातत्त्वज्ञ होता. पुढं इराकमध्ये निमरूदच्या उत्खननात सापडलेले हस्तिदंती तुकडे तिनं स्वतः चेहऱ्याला लावायच्या क्रीमनं पुसले होते, तेव्हा हे तिचं हातचं ज्ञान. खेळातही दृश्यातल्या वस्तू एकेक करून निघून जातात, पसारा विरळ होतो. यादी संपल्यावर बहुतेक जण पुढच्या खोलीत जायची घाई करतात. मी तेवढ्यात जे मागं उरलं ते बघून घेते. ज्या वस्तूंबद्दल कुणी विचारलं नाही त्या आता जरा सुट्या दिसतात. झग्याच्या बाहीला एक गुंडी कमी आहे. आरसा भिंतीशी सरळ नाही. चित्रकारानं हे मुद्दाम केलं की हाताच्या ओघात झालं, कोण जाणे. खेळाच्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नसतो. पण मला ती बाई तेव्हाच थोडी दिसते.

अलीकडे भाचीनं एक बैठा खेळ आणला, ‘मायक्रोमॅक्रो: क्राइम सिटी’. योहानेस झिश या जर्मन कलावंताचा, २०२१ साली जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळालेला. त्यात एका अख्ख्या शहराचा भलामोठा काळापांढरा नकाशा आहे, शेकडो चिमुकली माणसं भरलेला. गंमत अशी की एकच माणूस नकाशावर अनेक ठिकाणी असतो, सकाळी इथं, दुपारी तिथं. रस्त्यात पडलेलं प्रेत दिसलं की त्या माणसाला मागं मागं शोधत जायचं: तो कुठून आला, कुणाशी बोलला, पाठीमागे कोण चाललं होतं. १६ प्रकरणं आहेत, प्रत्येकाची प्रश्नांची पत्रं आहेत. आणि नियमांत एक सोय आहे, मुरलेल्यांनी फक्त पहिलं पत्र वाचावं, बाकीचे प्रश्न न बघता सगळं स्वतः उलगडावं.

आम्ही तसंच खेळतो. नकाशा टेबलावर मावत नाही, म्हणून जमिनीवर पसरतो आणि दोघी पालथ्या पडतो. परवा एक प्रकरण संपलं, पत्रं गोळा केली, तर भाची नकाशावरून उठेना. खिडकीत उभ्या असलेल्या एका बाईवर तिचं भिंग थांबलं होतं.

“मावशी, ही आपल्या केसमध्ये नव्हती ना?”

“नाही.”

“मग ही रडतेय का?”

पत्रांची गड्डी मी बाजूला ठेवली आणि आम्ही त्या खिडकीपासून मागं निघालो, गल्लीगल्लीतून, तीच बाई आणखी कुठं दिसते का बघत.